रात्रीच्या उजेडाच्या उपग्रह-प्रतिमांवरून शहराबद्दल काय सांगता येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काही शहरांच्या रात्रीच्या उजेडाच्या उपग्रह-प्रतिमा तुम्ही १९९२ पासून अलीकडच्या वर्षांपर्यंत गोळा केल्या, प्रत्येक शहराच्या हद्दीतील सर्व पिक्सेलांच्या मूल्यांची बेरीज केली आणि त्या बेरजांचा वर्षवार आलेख काढला. आलेखात शहरे भराभर वाढताना दिसतात. मात्र त्यांचे मध्यवर्ती भाग वीस वर्षे जराही बदललेले दिसत नाहीत, २०१२-१३ च्या सुमारास सर्वच शहरांच्या आकड्यांत एकदम मोठा खंड पडतो, आणि एका शहराचा उजेड अलीकडे चक्क उतरला आहे, हे शहर वाढते आहे याची तुम्हाला अन्य मार्गांनी खात्री असूनही. या आलेखाच्या आधारे शहराचा विस्तार, लोकसंख्या आणि अर्थव्यवहार यांबद्दल किती बोलता येईल आणि कोणता विदासंच (डेटासेट) वापरावा, हे तुम्ही विचारले आहे.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. उपग्रह शहर मोजत नाही. रात्रीच्या एका ठरावीक वेळी, ठरावीक तरंगलांबींच्या पट्ट्यात, जमिनीवरून वर आकाशाकडे निसटलेला उजेड तो मोजतो. त्यामुळे आकड्यात फरक पडला की त्याची चार प्रकारची कारणे असू शकतात: संवेदक (उजेड टिपणारे उपकरण) बदलला, मोजण्याची वेळ किंवा परिस्थिती बदलली, दिवे बदलले, किंवा खरोखर शहर बदलले. पहिली तीन कारणे तपासून बाजूला केल्याशिवाय चौथ्याबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. तुमच्या आलेखातील तिन्ही कोड्यांची उत्तरे मला पहिल्या तीन कारणांतच दिसतात.

सुरुवात जुन्या मालिकेपासून करू. १९९२ ते २०१३ या काळातील वार्षिक प्रतिमा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांवरून, म्हणजे डीएमएसपी या मालिकेतून, आलेल्या आहेत. त्यांवरील ओएलएस हा संवेदक चांदण्यात ढग दिसावेत म्हणून इतका संवेदनशील बनवला होता. शहरांचे दिवे त्यात टिपले गेले हा त्याचा आनुषंगिक लाभ. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली की त्याचे दोष आपोआप समजतात. त्याची नोंद सहा बिटांत, म्हणजे ० ते ६३ या ६४ पायऱ्यांत होते. उजळ शहराच्या मध्यभागी पिक्सेल ६३ वर पोहोचतो आणि त्यानंतर तेथे कितीही दिवे वाढले तरी आकडा हलत नाही. शिगोशीग भरलेल्या मापावर ओतलेले धान्य जसे मापात धरले जात नाही, तसेच हे आहे. तुमच्या शहरांचे मध्यभाग वीस वर्षे स्थिर दिसतात त्याचे कारण ही संपृक्तता होय. याचा आणखी एक परिणाम असा की शहराची सगळी वाढ परिघावरच झाली असे या मालिकेत भासते, कारण वाढ नोंदवायला जागा तेथेच शिल्लक असते. मध्यभागाची घनता वाढली की नाही, हा प्रश्न या विदेला विचारताच येत नाही. कमी संवेदनशीलतेवर घेतलेल्या नोंदी मिसळून ही मर्यादा ओलांडणाऱ्या प्रतिमा १९९६ ते २०१० या काळातील काही निवडक वर्षांसाठी उपलब्ध आहेत. मध्यभागाचा अभ्यास करायचाच असेल तर निदान त्या तरी पाहाव्यात.

दुसरा दोष अंशांकनाचा, म्हणजे यंत्राचे आकडे ज्ञात मापाशी ताडून घेण्याचा, आहे. या संवेदकाच्या दृश्य पट्ट्यासाठी उपग्रहावर अंशांकनाची सोय नव्हती आणि त्याची संवेदनशीलता चंद्रप्रकाशानुसार कमीजास्त केली जात असे. शिवाय ही वर्षे एकाच उपग्रहाची नाहीत. एफ-१०, एफ-१२, एफ-१४, एफ-१५, एफ-१६ आणि एफ-१८ असे सहा उपग्रह एकामागून एक आले. काही वर्षांसाठी दोन उपग्रहांच्या प्रतिमा मिळतात. एकच वर्ष आणि एकच शहर घेऊन दोन्हींच्या बेरजा शेजारी मांडून पाहा. जो फरक दिसेल तो शहरातला नसून यंत्रातला आहे, आणि तो बरेचदा तुम्ही शोधत असलेल्या वार्षिक वाढीहून मोठा असतो. ही तपासणी थोड्याच वेळात होते आणि ती प्रत्येक अभ्यासकाने करावी असा माझा आग्रह आहे, कारण तिच्यामुळे आपल्या आलेखातील किती चढउतारांवर विश्वास ठेवावा याचा अंदाज येतो. क्रिस्टोफर एल्विज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर एक उपाय सुचवला: ज्या प्रदेशाचा उजेड या काळात फारसा बदलला नाही असे मानता येईल असा प्रदेश निवडायचा (त्यांनी सिसिली बेट निवडले), आणि त्याच्या आधारे प्रत्येक उपग्रह-वर्षाचे आकडे एका संदर्भ-वर्षाशी जुळवून घ्यायचे. उपाय उपयोगी आहे, परंतु तो संदर्भ-प्रदेश खरोखर स्थिर होता या गृहीतकावर उभा आहे, हे तुमच्या लेखात स्पष्ट लिहिलेले असावे.

तिसरा दोष शहराच्या विस्ताराच्या अभ्यासाला सर्वात घातक आहे. वार्षिक प्रतिमेतील पिक्सेल साधारण एक किलोमीटरचा दिसत असला तरी प्रत्यक्ष नोंद त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रातून आलेली असते. त्यात रात्रीगणिक होणारी स्थाननिश्चितीची चूक आणि वातावरणात प्रकाशाचे विखुरणे मिळून उजेड शहराच्या कडेबाहेर पसरलेला दिसतो. हे किती आहे ते पाहण्यासाठी एखादे समुद्रकिनाऱ्यावरचे शहर घ्या आणि किनाऱ्यापासून पाण्यावर किती अंतरापर्यंत उजेड दिसतो ते मोजा. बंदरात थांबलेली जहाजे आणि मासेमारीच्या नौका वगळल्या, तर पाण्यावर दिवे नसतात. तेथे दिसणारा उजेड हा बहुतांशी पसरलेला उजेड आहे. जमिनीच्या बाजूलाही तो तितकाच पसरलेला असणार, फक्त तेथे तो आपल्याला उपनगर वाटतो. त्यात आणखी गुंतागुंत अशी की पसरण्याचे अंतर उजेडाबरोबर वाढते. म्हणजे शहराची हद्द तसूभरही न सरकता नुसते दिवे प्रखर झाले, तरी विस्तार झाल्याचे चित्र तयार होते.

नवी मालिका २०१२ पासूनची आहे. सुओमी एनपीपी हा उपग्रह २८ ऑक्टोबर २०११ रोजी सोडण्यात आला. पुढे २०१७ मध्ये नोआ-२० आणि २०२२ मध्ये नोआ-२१ हे त्याच जातीचे उपग्रह त्याच्या जोडीला आले. यांवरील व्हिअर्स या संवेदकाचा ‘दिवस-रात्र पट्टा’ उपग्रहावरच अंशांकित होतो, अतिशय मंद व अतिशय तेजस्वी असा दोन्ही उजेड नोंदवू शकतो, आणि त्याचे जमिनीवरील विभेदन, म्हणजे वेगळा टिपता येणारा सर्वात लहान तुकडा, एका फेरीत दिसणाऱ्या संपूर्ण रुंदीभर सुमारे ७४२ मीटर राहते. शहराच्या मध्यभागी तो संपृक्त होत नाही. आकडे ० ते ६३ अशा पायऱ्यांत नसून रेडिअन्सच्या (ठरावीक दिशेने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेच्या) भौतिक एककात, म्हणजे नॅनोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति स्टेरेडियन या एककात, मिळतात. तुमच्या आलेखात २०१२-१३ ला पडलेला खंड यातून आला आहे: दोन वेगळ्या यंत्रांची, दोन वेगळ्या एककांतील आणि दोन वेगळ्या वेळांची मूल्ये तुम्ही एका अक्षावर मांडली आहेत. ती तशी मांडता येत नाहीत.

दोन्ही मालिका जोडून देणारे तयार विदासंच प्रसिद्ध झालेले आहेत आणि २०२० पासून ते पुष्कळ वापरले जातात. त्यांपैकी एका प्रकारात नव्या प्रतिमा मुद्दाम धूसर करून जुन्या मापात बसवल्या जातात. जागतिक किंवा राष्ट्रीय पातळीवरचा दीर्घकालीन कल पाहायला ते ठीक आहेत. एका शहराच्या आतील बदलासाठी मात्र मी ते वापरत नाही, कारण जुन्या मालिकेतील संपृक्तता आणि पसारा त्यांत तसाच राहतो आणि नव्या मालिकेचे सर्वात मोलाचे गुण गमावले जातात. तुम्हाला माझा सल्ला असा की अभ्यास दोन कालखंडांत विभागावा, प्रत्येक कालखंडाचा कल स्वतंत्रपणे काढावा, आणि दोन्ही कलांची दिशा जुळते का एवढेच पाहावे.

आता वेळेचा मुद्दा, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जुने उपग्रह साधारणपणे रात्री साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान डोक्यावरून जात; दुकाने उघडी, रस्ते वाहते, घरांत दिवे लागलेले. नवे उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास जातात. त्या वेळी उरतो तो रात्रभर चालणारा उजेड: रस्त्यांवरचे दिवे, बंदरे, विमानतळ, कारखान्यांची आवारे, जाहिरातफलक, सुरक्षेसाठी चालू ठेवलेले दिवे. निजलेली घरे त्यात जवळजवळ नसतातच. म्हणून नव्या प्रतिमेत एखादे मालसाठ्याचे गोदाम-क्षेत्र दाट वस्तीच्या भागाहून कितीतरी प्रखर दिसते, आणि नवख्या अभ्यासकाला ते शहराचे केंद्र वाटते. ज्या शहरात मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे दिवे मंद करण्याचा नियम आहे ते शहर नियम नसलेल्या शहरापेक्षा लहान दिसेल. शहरांची आपापसांत तुलना करण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी रात्री दीड वाजता कोणते दिवे चालू असतात, हे माहीत करून घेतलेच पाहिजे.

हा उजेड नेमका कोणाचा, याबद्दल एक सुंदर प्रयोग उपलब्ध आहे. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराचे रस्त्यावरचे एलईडी दिवे दुरून नियंत्रित करता येतात. २०१९ मध्ये तेथे काही रात्री ते नेहमीपेक्षा मंद, तर काही रात्री प्रखर ठेवण्यात आले आणि उपग्रहाच्या नोंदीत किती फरक पडतो ते पाहण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की मध्यरात्रीनंतर उपग्रहाला त्या शहरातून दिसणाऱ्या उजेडापैकी शहराच्या मालकीच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा वाटा एक-पंचमांशाहूनही कमी होता. उरलेला सगळा वाहनतळ, दुकानांची दर्शनी भिंत, फलक, क्रीडांगणे, खासगी आवारे यांचा. एका शहराचा हा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू करता येणार नाही. दिव्यांची मालकी, त्यांची रचना आणि रात्रीचे व्यवहार ठिकाणागणिक वेगळे असतात. तरीही रात्रीचा उजेड म्हणजे रस्त्यावरचे दिवे, हे समीकरण त्याने कायमचे मोडीत काढले आहे, आणि ऊर्जाबचतीच्या धोरणासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आता तुमच्या तिसऱ्या कोड्याकडे, उजेड उतरलेल्या शहराकडे, येतो. दिवस-रात्र पट्टा साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटर या तरंगलांबींत पाहतो. ५०० च्या खालचा निळा प्रकाश त्याला दिसत नाही. उलट ७०० च्या पुढचा, मानवी डोळ्याला जवळजवळ न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश त्याला चांगला दिसतो. जुने सोडियम दिवे पिवळ्या-नारिंगी भागात आणि निकट-अवरक्तातही भरपूर प्रकाश देतात. पांढरे एलईडी दिवे मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचे एक शिखर दाखवतात आणि निकट-अवरक्तात फारच थोडे देतात. त्यामुळे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला पूर्वीइतकेच, किंवा पूर्वीपेक्षा जास्तच, उजळ वाटत असताना उपग्रहाच्या नोंदीत घट दिसते. यात भर अशी की नव्या दिव्यांचा झोत खाली वळवलेला असतो, म्हणजे वर निसटणारा वाटाही कमी होतो. इटलीतील मिलान शहर याचे ठळक उदाहरण आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरून २०१२ आणि २०१५ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत त्याचा मध्यभाग नारिंगीचा पांढरा झालेला स्पष्ट दिसतो.

हा दोष एकट्या शहरापुरता नाही, संपूर्ण पृथ्वीच्या हिशेबात तो शिरतो. क्रिस्टोफर कीबा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीचे कृत्रिम दिव्यांनी उजळलेले क्षेत्र दर वर्षी २.२ टक्क्यांनी आणि उपग्रहाने नोंदवलेला एकूण उजेड १.८ टक्क्यांनी वाढला. कीबांच्याच गटाने २०२३ मध्ये, २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून, रात्रीच्या आकाशाची उजळी दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे दाखवले. दोन्ही अभ्यासांचे कालखंड आणि प्रदेश हुबेहूब एक नाहीत. पण एवढी तफावत त्यामुळे पडत नाही. निळा प्रकाश आणि जमिनीला समांतर जाणारा प्रकाश, म्हणजे फलकांचा, दर्शनी भिंतींचा, खिडक्यांचा, आकाश उजळण्यात मोठा वाटा उचलतो आणि वरून पाहणाऱ्या संवेदकाच्या हाती तो फारसा लागत नाही. प्रकाशप्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्याने केवळ या उपग्रहाच्या भरवशावर ‘परिस्थिती फारशी बिघडलेली नाही’ असे म्हणणे ही गंभीर चूक ठरेल.

परिस्थितीचे बाकीचे घटक आता भराभर सांगतो. बर्फ पडलेला असताना उजेड जमिनीवरून परावर्तित होऊन बराच वाढलेला दिसतो. झाडांची पाने गळली की रस्त्यावरचा उजेड वर जायला वाट मिळते. चंद्रप्रकाशाची दुरुस्ती करावी लागते. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत ध्रुवीय प्रकाश मिसळतो आणि उन्हाळ्यात खरी रात्रच होत नसल्याने नोंदी मिळत नाहीत. पावसाळी पट्ट्यात काही महिने ढग हटतच नाहीत, आणि येथे एक सापळा आहे: मासिक प्रतिमेत ज्या पिक्सेलला त्या महिन्यात ढगविरहित एकही रात्र मिळाली नाही, त्याचे मूल्य शून्य लिहिलेले असू शकते. ते शून्य म्हणजे अंधार नव्हे, ती नोंदच नव्हे. प्रत्येक मासिक प्रतिमेसोबत ढगविरहित निरीक्षणांची संख्या सांगणारा थर मिळतो. तो न पाहता मासिक सरासरी काढली तर पावसाळ्यात शहरे अंधारात जातात असा हास्यास्पद निष्कर्ष निघतो. उंच इमारतींच्या शहरात पाहण्याचा कोनही महत्त्वाचा आहे, कारण डोक्यावरून पाहिले तर रस्ते दिसतात आणि तिरके पाहिले तर इमारतींच्या खिडक्या. सुओमी एनपीपी दर १६ दिवसांनी त्याच मार्गावर परततो, म्हणून दैनिक प्रतिमांची तुलना करताना १६ दिवसांच्या अंतराच्या रात्री निवडल्या की कोनाचा प्रश्न बराचसा सुटतो.

विस्ताराबद्दल तुम्ही विचारले आहे. अमुक मूल्याच्या वर शहर, खाली गाव, अशी एकच सीमारेषा सर्व शहरांना लावण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे आणि ती का पुरेशी नाही हेही तितकेच जुने ज्ञान आहे. श्रीमंत शहराची कडा दाखवणारी सीमारेषा गरीब शहराचा अर्धा भाग गिळून टाकते. गरीब शहराला जुळणारी सीमारेषा श्रीमंत शहरांना एकमेकांत मिसळून टाकते. प्रत्येक शहरासाठी सीमारेषा वेगळी ठरवावी लागते आणि ती ठरवायला दिवसाच्या प्रतिमांचाच आधार लागतो. मग सरळ दिवसाच्या प्रतिमांवरूनच बांधीव क्षेत्र का काढू नये? आज लँडसॅट आणि सेंटिनेल या उपग्रहांच्या १० ते ३० मीटर विभेदनाच्या प्रतिमांवरून तयार केलेले बांधीव क्षेत्राचे जागतिक नकाशे मोफत मिळतात. माझे ठाम मत आहे की शहराची हद्द त्यांवरून घ्यावी, आणि रात्रीच्या उजेडाला त्या हद्दीच्या आत काय चालले आहे हे विचारावे. बांधलेले आहे पण अंधारे आहे, असे क्षेत्र या दोन्ही थरांच्या जोडीतून सापडते आणि ते कोणत्याही एका थरातून सापडत नाही. अशा जागी रिकाम्या पडलेल्या नव्या वसाहती असू शकतात, वीज न पोहोचलेल्या वस्त्या असू शकतात, किंवा फक्त काटकसरीने दिवे लावणारा भाग असू शकतो. कोणते, ते जमिनीवर जाऊनच कळेल. पण कुठे जाऊन पाहायचे हे प्रतिमा सांगते, आणि ही तिची फार मोठी सेवा आहे.

अर्थव्यवहाराबद्दलचा सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास व्हर्नन हेंडरसन, अॅडम स्टोरीगार्ड आणि डेव्हिड वाइल यांचा, २०१२ सालचा आहे. देशांच्या पातळीवर उजेडातील वाढ आणि सकल देशांतर्गत उत्पादनातील वाढ यांचा संबंध त्यांनी दाखवला; त्यांच्या अंदाजानुसार उजेड १ टक्क्याने वाढला तर उत्पादनवाढीचा अंदाज साधारण ०.३ टक्के येतो. त्याच्या आदल्या वर्षी शी चेन आणि विल्यम नॉर्डहाउस यांनी असे दाखवले होते की ज्या देशांची अधिकृत आकडेवारी कमकुवत आहे तेथे उजेडामुळे आपल्या माहितीत काहीशी भर पडते, आणि जेथे आकडेवारी चांगली आहे तेथे ती जवळजवळ पडत नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. विशेषतः हेंडरसन यांचा ०.३ हा गुणक देशांच्या दीर्घकालीन वाढीसाठी आणि जुन्या मालिकेवरून काढलेला आहे. तो उचलून एका शहराच्या एका प्रभागाच्या एका वर्षाला लावणे याला कोणताही आधार नाही. शेती आणि संगणकावर चालणाऱ्या सेवा या दोन्ही क्षेत्रांचे उत्पादन उजेडात फारसे उमटत नाही, आणि तेलक्षेत्रात जळणाऱ्या वायूचा उजेड प्रचंड असूनही तो शहराच्या समृद्धीचा पुरावा नसतो.

लोकसंख्येसाठी उजेड हे आणखी कच्चे माप आहे. अमेरिकेतील शहरे जर्मनीतील तितक्याच लोकसंख्येच्या शहरांपेक्षा दरडोई कित्येक पट अधिक उजेड सोडतात. जर्मनीच्या आतसुद्धा पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील शहरे दरडोई उजेडात पश्चिमेकडील शहरांच्या पुढे आहेत, आणि बर्लिनच्या रात्रीच्या छायाचित्रांत शहराचा पूर्व भाग पिवळसर व पश्चिम भाग पांढरट असा दिव्यांच्या प्रकारातील फरक एकीकरणानंतर दोन दशके उलटूनही दिसत होता. दिवे लावण्याच्या सवयी, नियम आणि पायाभूत सुविधांचा इतिहास माणसांच्या संख्येवर इतका भारी पडतो. एखाद्या जनगणना-विभागाची ज्ञात लोकसंख्या त्याच्या आतील पिक्सेलांत वाटून देताना अनेक घटकांपैकी एक म्हणून उजेड वापरणे योग्य आहे. उजेडावरून थेट लोकसंख्या काढणे योग्य नाही.

हे सगळे वाचून या प्रतिमा निरुपयोगी आहेत असे तुम्हाला वाटले तर मला फार वाईट वाटेल, कारण त्यांचे खरे सामर्थ्य मी अजून सांगितलेलेच नाही. एकाच जागेची स्वतःशीच, थोड्या काळात, त्याच संवेदकाने केलेली तुलना ही त्यांची हक्काची भूमी आहे. तेथे संवेदक तोच, वेळ तीच, दिवे बहुधा तेच. म्हणून उरलेला फरक शहरातला असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळल्यानंतर कोणत्या वस्त्यांत वीज कधी परतली, याचा मागोवा नासाच्या मिगेल रोमान आणि सहकाऱ्यांनी ‘ब्लॅक मार्बल’ या दैनिक विदासंचावरून घेतला, आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण भागांना सर्वाधिक काळ अंधारात राहावे लागल्याचे दाखवले. सीरियात मार्च २०११ ते फेब्रुवारी २०१४ या काळात रात्रीचा उजेड सुमारे ७४ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास प्रसिद्ध आहे. तो देखील जुन्या संवेदकाच्या मासिक प्रतिमांवरून केला गेला, कारण बदल इतका भीषण होता की संवेदकाच्या उणिवा त्याला झाकू शकल्या नाहीत. रोमान आणि एलेनॉर स्टोक्स यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील शहरांत नाताळच्या काळात उजेड २० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि मध्यपूर्वेतील काही शहरांत रमजानमध्ये ५० टक्क्यांहून अधिक वाढतो हे दाखवले. समाजाच्या चालीरीती अवकाशातून मोजता याव्यात, हे मला आजही विलक्षण वाटते. व्यवहारात याचा अर्थ असा की डिसेंबरच्या प्रतिमेची जुलैशी तुलना करू नये.

शहराच्या आत रस्ता-रस्ता वेगळा पाहायचा असेल तर व्हिअर्स पुरत नाही. अंतराळवीरांनी काढलेली छायाचित्रे रंगीत आणि बरीच बारीक विभेदनाची आहेत, दिव्यांचे प्रकार ओळखायला ती उत्तम आहेत. मात्र ती ठरावीक वेळी घेतलेली नसतात आणि त्यांचे अंशांकन स्वतः करावे लागते. वुहान विद्यापीठाच्या लुओजिया-१ या २०१८ साली सोडलेल्या लहान उपग्रहाने १३० मीटर विभेदनाच्या प्रतिमा दिल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सोडलेला चीनचाच एसडीजीसॅट-१ हा उपग्रह १० मीटर विभेदनाची कृष्णधवल आणि ४० मीटर विभेदनाची रंगीत रात्रप्रतिमा देतो, आणि त्याला निळा प्रकाश दिसतो. दीर्घ मालिका यांपैकी कशातही नाही. व्हिअर्सवर दिसलेला बदल समजून घ्यायला त्यांचा उपयोग करावा.

तुमच्या कामासाठी आता नेमके सांगतो. २०१२ च्या आधीचा भाग वेगळा काढा आणि त्यातून मध्यभागांविषयी काहीही लिहू नका. २०१२ पासूनच्या भागासाठी ‘ब्लॅक मार्बल’ची मासिक मालिका, किंवा कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधील भू-निरीक्षण गटाची मासिक व वार्षिक मालिका घ्या; दुसरी गुगल अर्थ इंजिनवरही मिळते. कोणतीही घ्या, पण एकच घ्या. बेरीज करताना प्रत्येक पिक्सेलचे मूल्य त्याच्या क्षेत्रफळाने गुणा: हे पिक्सेल अक्षांश-रेखांशात १५ सेकंदांचे आहेत, विषुववृत्तावर त्यांची बाजू सुमारे ४६० मीटर असते, तर ६० अंश अक्षांशावर त्यांची रुंदी निम्मी उरते, आणि क्षेत्रफळ न धरता केलेल्या बेरजेत उत्तरेकडील शहरे फुगलेली दिसतात. ४६० मीटरचा पिक्सेल प्रत्यक्षात ७४२ मीटरच्या नोंदीतून आलेला असतो, म्हणून एकट्या पिक्सेलवर निष्कर्ष काढू नका. शहराजवळच्या, पण त्याच्या झगमगाटापासून दूर असलेल्या अंधाऱ्या प्रदेशाचे सरासरी मूल्य काढून ते वजा करा, कारण वातावरणाचा स्वतःचा मंद प्रकाशही नोंदीत येतो. शहराची हद्द सर्व वर्षांसाठी एकच ठेवा; प्रशासकीय हद्द वाढली म्हणून उजेड वाढला असे व्हायला नको.

उजेड उतरलेल्या शहरासाठी तेथील पालिकेने रस्त्यावरचे दिवे केव्हा आणि कोणत्या भागांत बदलले याची नोंद मिळवा. घट त्या भागांत त्याच सुमारास दिसत असेल आणि गोदामे, बंदर, विमानतळ यांच्या उजेडात तशी घट नसेल, तर कारण दिव्यांतच आहे. नोंद मिळाली नाही तर बदलाच्या आधीची व नंतरची अंतराळस्थानकावरची छायाचित्रे शोधा. नारिंगी रंगाचा पांढरा झालेला दिसला तर तेवढा पुरावा पुष्कळ आहे. दोन्ही मिळाले नाही, तर त्या शहराच्या घटीबद्दल ‘मध्यरात्रीनंतरच्या, ५०० ते ९०० नॅनोमीटरमधील, वरच्या दिशेने जाणाऱ्या उजेडात घट’ एवढेच लिहा आणि इतर शहरांशी केलेल्या तुलनेच्या तक्त्यातून त्याला बाहेर ठेवा.